थंडीत गाडी अडते तेव्हा आधी कान लावा
(आपल्या रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळची कामं उरकून रेडिओजवळ बसलेल्या काकूंना, मावश्यांना आणि शेतात मोबाइलवर ऐकणाऱ्या पोरींना आमच्या गटाचा रामराम.

आज आम्ही पापड-कुरडयांबद्दल बोलणार नाही. गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हणजे आमची डिझेलची पिकअप. जुनीच घेतली, गटातल्या अकरा जणींनी कर्ज काढून, आणि हप्ते अजून चालू आहेत. तिच्यात रोज पहाटे मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो भरून आम्ही नाशिकला नेतो आणि तिथल्या वसाहतींमध्ये दारात विकतो. तिथल्या बायकांची डब्याची घाई असते. साडेसहाला गाडी फाटकाशी हवी, म्हणजे इथून पाचला हलायला हवी.

आमच्या निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. द्राक्षाच्या बागेत रात्रभर शेकोट्या पेटतात. अशा थंडीत मागच्या हिवाळ्यात आमची गाडी अडायला लागली.

पहिल्या दिवशी चार-पाचदा सेल्फ मारल्यावर चालू झाली. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी काही केल्या होईना. माल भरलेला, पाच वाजून गेलेले. मग काय, सगळ्या जणी पदर खोचून मागे लागलो आणि धक्का मारला. दवानं रस्ता ओला होता. आमच्यातल्या एका मावशींचा पाय घसरला, त्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. गाडी चालू झालीच नाही. त्या दिवशी गाडीत जागेवर बसून राहिलेली कोथिंबीर दुपारी शेळ्यांना घातली.

शेजारचे दादा म्हणाले, बॅटरी गेली. दुधाच्या गाडीवाला म्हणाला, बॅटरीच. आम्ही मिस्तरीला फोन केला आणि आम्हीच सांगितलं, "दादा, नवी बॅटरी घेऊन या." हे आम्ही मुद्दाम कबूल करतोय. मिस्तरीनं फसवलं नाही. आम्ही दुखणं सांगितलंच नाही, सरळ औषधाचं नाव सांगितलं. त्यानं बॅटरी आणली, बसवली, साडेसहा हजार घेतले. जुनी बॅटरी भंगारात गेली.

दोन दिवस गाडी बरी चालली. ते दोन दिवस आभाळ होतं आणि थंडी कमी होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आभाळ मोकळं झालं, थंडी परत पडली आणि गाडी पुन्हा तिथंच.

मग गटाच्या बैठकीत जे व्हायचं ते झालं. साडेसहा हजार कुणाच्या सांगण्यावरून खर्च केले? आणि मग बोट गेलं गाडी चालवणाऱ्या ताईकडे. तिनं रात्री दिवा चालू ठेवला असेल. तिला सेल्फ मारता येत नाही. एका काकूंच्या घरच्यांनी तर निरोपच पाठवला, बायकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं, पगारी ड्रायव्हर ठेवा. ताई काही बोलली नाही. तिनं किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेली. तालुक्याला जाऊन, परीक्षा देऊन लायसन काढलेली आमच्यातली ती एकटी. तिनं सोडलं असतं तर पगारी ड्रायव्हर आम्हाला परवडला नसता, आणि गाडी विकावी लागली असती.

गटातल्या एकीचे मामा एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होते, आता निवृत्त आहेत. त्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं, येतील, बॉनेट उघडतील, काहीतरी पिळतील आणि गाडी सुरू होईल. मामांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. चहा घेतला आणि विचारलं, "चालू होत नाही तेव्हा आवाज काय येतो?"

अकरा जणींची अकरा उत्तरं. एक म्हणाली गुरगुरते, एक म्हणाली आवाजच येत नाही, एक म्हणाली खोकते. रोज पहाटे गाडीभोवती उभ्या राहणाऱ्या आम्ही, पण आवाज कुणी ऐकलाच नव्हता. मामांनी दुसरा प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना मागच्या नळीतून धूर येतो का? कसला?" त्याचंही उत्तर नाही.

मामा म्हणाले, "आता दुपारी बघून उपयोग नाही. थंडीचं दुखणं थंडीतच दिसतं. उद्या पहाटे मी येईपर्यंत कुणी किल्ली फिरवू नका."

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्हाला आधी कळायला हवी होती. गाडी पहाटे अडते, आपण दुपारी मिस्तरीकडे नेतो. तिथे ती एका सेल्फमध्ये चालू होते. मिस्तरी म्हणतो, चांगली तर आहे. तो खोटं बोलत नाही, त्याच्यासमोर ती चांगलीच असते. म्हणून गाडी दाखवायची तर रात्री त्याच्याकडे ठेवून यावी आणि सकाळी पहिला सेल्फ त्यालाच मारायला सांगावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मामा आले. मफलर बांधलेला, खिशात एक छोटं मीटर. आधी त्यांनी बॅटरीच्या धुरकट उजेडात आम्हाला डिझेलच्या इंजिनाचं गणित सांगितलं. ते आम्ही तुम्हाला आमच्या शब्दांत सांगतो.

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. डिझेलचं इंजिन याच एका गोष्टीवर चालतं. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकणारा प्लग असतो, डिझेलच्या गाडीत ठिणगी नसतेच. आत हवा इतकी दाबली जाते की ती काहीशे अंश तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. इंजिन जोरात फिरलं पाहिजे, डिझेल आत पोचलं पाहिजे आणि आत पुरेशी ऊब पाहिजे.

थंडी या तिन्हींवर घाला घालते. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. पारा शून्याजवळ गेला की चांगल्या बॅटरीची ताकदसुद्धा साधारण तिसऱ्या हिश्शानं उतरते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, थिजलेल्या तुपात डाव फिरवल्यासारखं, म्हणजे फिरवायला जोर जास्त लागतो. आणि इंजिनाचं लोखंड थंडगार असल्यामुळे दाबलेल्या हवेची ऊब ते शोषून घेतं. ती ऊब भरून काढायला डिझेलच्या गाडीत हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की समोर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो, तो त्यांचाच. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. आमच्यातल्या निम्म्या जणींना तो दिवा ऑइलचा वाटत होता.

उन्हाळ्यात यातलं एखादं अंग लुळं असलं तरी गाडी चालवून नेते. थंडीत उघडं पडतं. म्हणून थंडीत अडलेल्या गाडीत दोष बहुतेक आधीपासूनच असतो.

आता आवाजांकडे या. रेडिओवर सांगायला हेच सगळ्यात सोपं आहे.

किल्ली फिरवल्यावर टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, समोरचे दिवे मंदावले आणि इंजिन हललंच नाही, तर करंट कमी पडतोय. बॅटरी उतरली असेल किंवा तिच्या टोकांचा संपर्क नीट नसेल. एकच मोठा टक झाला, दिवे तसेच लख्ख राहिले आणि पुढे काही नाही, तर संशय स्टार्टरवर घ्यायचा. घुं... घुं... घुं... असं इंजिन दमलेल्या बैलासारखं फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या वायरी आणि ऑइल बघायचं. आणि इंजिन झपाझप फिरतंय, खिर्र-खिर्र आवाज जोरात आहे, पण पेट घेत नाही, तर बॅटरीला काही झालेलं नाही. तिथे डिझेल किंवा ऊब कमी पडतेय. त्या दोघांतलं कोण, ते धूर सांगतो. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. म्हणजे ऊब नाही. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही.

ताईला मामांनी मुद्दाम स्टिअरिंगवर बसवलं. ती यायला तयार नव्हती, तिच्या सासूबाईंनी तिला आणून सोडलं. दिवा विझल्यावर तिनं सेल्फ मारला. आम्ही पहिल्यांदा गप्प उभ्या राहून ऐकलं. घुं... घुं... घुं... आणि मागे थोडासा पांढरा धूर. मामा म्हणाले, "दोन दुखणी आहेत."

दहा सेकंदांच्या वर सेल्फ दाबून धरायचा नाही, हे त्यांनी तिथंच बजावलं. दहा सेकंद मारायचा, मग मिनिटभर थांबायचं. स्टार्टर तापून जळतो आणि बॅटरीही उपसली जाते. आम्ही तर चालू होईस्तोवर दाबून धरायचो.

मग मीटर काढलं. असं साधं आकड्यांचं मीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतं. बॅटरी नवीन, तरी मोजलीच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर रिकामी झाली म्हणा. आमची १२.५ होती. मग ताईला सेल्फ मारायला सांगून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजलं. सेल्फ चालू असताना आकडा खाली येणारच, पण साडेनऊ-दहाच्या खाली पडू नये. आमचा साडेदहाच्या वर राहिला. बॅटरी शाबूत. मग इंजिन दमल्यासारखं का फिरतंय?

मामांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. पुन्हा सेल्फ. मीटरनं जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. मामा हसले. म्हणाले, "इथं गळतंय."

ही गोष्ट जरा थांबून समजून घ्या. करंट प्लसमधून जातो तसा त्याला मायनसकडे परतही यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे एक जाड विणलेली पट्टी, इंजिनापासून चासीला जोडलेली. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. सेल्फ मारताना त्या पट्टीतून दोनशे अँपिअरच्या वर करंट वाहतो. एवढ्या मोठ्या पाटाला जरासा गाळ अडला तरी शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं होतं. चांगल्या पट्टीवर मीटर शून्याजवळच राहायला हवं, फार तर व्होल्टचा दोन-तीन दशांश. आमचे दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. मामांनी टॉर्च मारून दाखवलं. पट्टीचे निम्मे तंतू तुटलेले, बोल्टाखाली गंज आणि चिखल. हीटर प्लगचा करंटसुद्धा त्याच पट्टीतून परत येतो, म्हणजे ऊबही कमी पडत होती.

पट्टी दोनशे रुपयांची. नवी आणेपर्यंत मामांनी बोल्ट खोलून जागा पोलिश पेपरनं चकचकीत घासली आणि घट्ट आवळली. पुन्हा सेल्फ. खिर्र-खिर्र-खिर्र! काय फिरलं इंजिन! पण पेट घेईना, आणि पांढरा धूर आता भसाभस.

दुसरं दुखणं हीटर प्लगचं. चार सिलिंडरला चार प्लग. त्यांच्या डोक्यांवरून एक पत्र्याची पट्टी जाते, ती मामांनी काढली. मग एका बल्बला दोन वायरी जोडलेला टेस्टर घेतला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लग जिवंत. पहिल्यावर लागला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर लागला. चारातले दोन मेलेले. पिवळा दिवा मात्र रोज इमानानं लागायचा आणि विझायचा. तो दिवा वेळ दाखवतो, प्लग तापले की नाही हे जुन्या गाडीत तो सांगत नाही.

प्लग आम्ही स्वतः काढले नाहीत आणि तुम्हीही काढू नका. ते इंजिनाच्या डोक्यात घट्ट बसलेले असतात, थंड इंजिनात जोर लावला तर मोडतात, आणि मोडलेला तुकडा काढायला सगळं डोकं उतरवावं लागतं. इंजिन कोमट करून, गंज सोडवणारं तेल टाकून, बेतानं काढायचं ते काम. आमच्या नेहमीच्या मिस्तरीनंच ते केलं. या वेळी आम्ही त्याला औषधाचं नाव सांगितलं नाही. "दादा, पट्टी बदलली, आता झपाझप फिरते, पांढरा धूर येतो, दोन आणि तीन नंबरच्या प्लगवर बल्ब लागत नाही," असं सांगितलं. तो आमच्याकडे बघतच राहिला. चारही प्लग बदलले, मजुरीसकट दोन हजारांच्या आसपास झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, पारा पाच अंशांवर असताना, ताईनं किल्ली फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबली आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

आमच्या गाडीत डिझेल पोचण्याचं दुखणं नव्हतं, पण तुमच्या गाडीत असू शकतं, म्हणून थोडं सांगतो. धूर अजिबात नसेल तर आधी फिल्टर बघा. डिझेलमध्ये पाणी असतं, ते फिल्टरच्या तळाला साचतं. खाली एक छोटी चावी असते, ती सैल करून पाणी भांड्यात काढता येतं. मेथी धुताना माती जशी तळाला दिसते तसं पाणी वेगळं दिसतं. ते भांडं नंतर विहिरीजवळ किंवा गोठ्यात ओतू नका. रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच अडते आणि फिल्टरवरचा हँडपंप पाच-दहा वेळा दाबल्यावर चालू होते, असं असेल तर एखाद्या नळीतून हवा शिरतेय. रात्री डिझेल मागे टाकीत उतरतं. नळ्यांच्या जोडांवर ओलसर डाग शोधा.

थंडीत डिझेल गोठतं म्हणून त्यात रॉकेल घाला, असं सांगणारे भेटतील. फार थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो, हे खरं आहे. लडाखसाठी म्हणूनच २०१९ साली वेगळं डिझेल आलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पण आपल्याकडे हिवाळ्यात पंपावर येणारं डिझेल हिवाळ्याच्या मापाचंच असतं, आणि आपली पहाट म्हणजे काही लडाख नव्हे. रॉकेलमध्ये वंगण कमी, त्यानं पंप आणि नोझल झिजतात. हजार वाचवायला गेलं की पन्नास हजारांचं काम निघतं.

ऑइलचंही तसंच. डब्यावर १५-डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच घ्या आणि वेळेवर बदला. स्वस्तात मिळालं म्हणून सुट्टं ऑइल ओतू नका.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमते, ती मात्र आपण घरी काढू शकतो. गाडी बंद करायची, आधी मायनसची वायर सोडायची, मग प्लसची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचं, पुसून कोरडं करायचं. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. ती भुकटी आणि आतलं पाणी ॲसिडचं असतं, साडीला लागलं तर भोक पडतं आणि डोळ्याला लागलं तर त्याहून वाईट. आणि हे खास आपल्यासाठी: धातूच्या बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र काढून किंवा आत घालूनच बॅटरीजवळ जा. पाना आणि बांगडी प्लसला आणि पत्र्याला एकदम लागली तर क्षणात लाल होते, हात भाजतो. इंजिन चालू असताना पदर किंवा ओढणी पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका. बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, तेव्हा काडी लावून आत बघायचं नाही, टॉर्च घ्यायचा.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायची वेळ आली तर क्रम पाठ करा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडीला ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीपाशी नको. गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर मीटर लावा. चौदाच्या आसपास आकडा दिसला तर डायनॅमो चार्ज करतोय. बारावरच अडकला तर बॅटरी कितीही नवी असो, दोन दिवसांत पुन्हा उतरणार.

इंजिनाखाली बोळे पेटवणं, हवेच्या फिल्टरवर पेटणारा स्प्रे मारणं, असले उपाय सांगणारेही असतात. हीटर प्लग तापलेले असताना तो स्प्रे आत भडकतो आणि इंजिन फुटू शकतं. बोळ्यांचं तर काय सांगायचं, वर डिझेलची नळी असते. आणि गाडी गरम करायला बंद शेडमध्ये चालू ठेवू नका, त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो, झोपेतच माणूस जातो. शेडचं दार उघडा, गाडी बाहेर काढा.

सीएनजीच्या गाड्या आता आपल्याकडे बऱ्याच झाल्यात. त्यातल्या बहुतेक थंड असताना आधी पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीत पेट्रोल थेंबभर ठेवलं किंवा सहा महिन्यांचं जुनं झालं तर त्याही पहाटे अडतात. थोडं ताजं पेट्रोल असू द्या.

आमच्या हिशेबाचं राहिलं. साडेसहा हजारांच्या बॅटरीची गरज होती का? मामांनी विचारलं, जुनी बॅटरी किती वर्षांची होती, तिचे व्होल्ट किती होते? आम्हाला सांगता आलं नाही, ती मोजलीच नव्हती आणि भंगारवाल्यानं नेलेली. बैठकीत ते साडेसहा हजार गटाच्या खर्चात लिहिले, कुणा एकीच्या नावावर नाही. ताईची माफी त्या काकूंनी स्वतः मागितली. घरच्यांच्या वतीनं मागितली नाही, तेवढा मान अजून घरात मिळायचाय त्यांना. ताईनं किल्ली उचलली, पण अट घातली: गाडीची वही राहील आणि तीत पाळीनं सगळ्या जणी लिहितील. आता त्या वहीत थंडीच्या दिवसांत रोज पहाटेचे व्होल्ट, कितव्या सेल्फला चालू झाली, आवाज कसा होता आणि धूर होता का, एवढं लिहितो. शाळा सुटलेल्या मावशीसुद्धा आकडे लिहितात, आवाजासाठी त्यांनी खुणा केल्यात. घुं-घुंला बैल काढतात.

मावशींचं मनगट जुळलं, पण थंडीत अजून ठणकतं. धक्का मारणं आम्ही कायमचं बंद केलं.

तुमच्या गटाची गाडी पहाटे अडत असेल तर पहिल्या सेल्फचा आवाज मोबाइलवर भरून घ्या आणि मागच्या धुराचा एक फोटो काढा. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी आमची गाडी वडाखाली उभी असते. ताई असते, मीटर तिच्या पिशवीत असतं. या, बसू, ऐकू. रामराम.